उलटी शिलाई

जुन्या शाळेच्या मागच्या अंगाला एक खोली होती. कधीकाळी तिथं प्रयोगशाळा होती, त्यामुळे टेबलं उंच होती आणि कोपऱ्यातला नळ कितीही आवळला तरी गळायचा. आता तिथं तुरुंगासाठी पुस्तकं गोळा होत. लोक पिशव्या घेऊन येत, टेबलावर ठेवत आणि हात झटकून मोकळे होत. दान म्हटलं की माणसाला घर आवरायची आठवण होते, हे त्या खोलीत बसल्यावर कुणालाही कळलं असतं. वाळवीनं अर्धे खाल्लेले कोश यायचे, मुलांची गाइडं यायची, टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या यायच्या. एका गृहस्थानं तर कुलपं दुरुस्त कशी करावीत याचं सचित्र पुस्तक मोठ्या प्रेमानं आणून दिलं होतं. मोठ्या बाईंनी ते मागंपुढं करून पाहिलं, म्हणाल्या की हे पाठवलं तर तिथं वाचायला कुणी उरणारच नाही, आणि रद्दीत टाकलं.

मोठ्या बाई म्हणजे त्याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. खोली त्यांची, नियमही त्यांचेच, म्हणजे तुरुंगाचे. पण त्या असे सांगत की जणू त्यांनीच केलेत. पुस्तकाला पुठ्ठा चालत नाही, कारण पुठ्ठ्याच्या पोटात काहीही लपवता येतं. तारेची पिन चालत नाही. कुणाचं नाव, पत्ता, सही, पेन्सिलीची साधी रेघसुद्धा चालत नाही. एका पुस्तकात जरी खूण सापडली तरी सगळं खोकं परत येतं. म्हणून बाई स्वतः चष्मा नाकावर ओढून पान न् पान चाळत. वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिलेलं पहिलं पान त्या टर्रकन फाडत आणि वर म्हणत, "कुणाचं कुणावर किती प्रेम होतं ते टोपलीत बघा."

त्या खोलीत बाइंडर आला तो एका दुपारी, हातात पिशवी न घेता. उंच, वाकलेला, बोटांच्या टोकांना वाळलेल्या खळीचे पापुद्रे. बाईंनी त्याला लगेच ओळखलं. शाळेची हजेरीबुकं आणि वाचनालयाची पुस्तकं वर्षानुवर्षं त्याच्याकडेच बांधायला जायची, आणि कधीही वेळेवर परत यायची नाहीत. "उद्या देतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. गावभर त्याला उद्यावालेच म्हणत. आज विचारलं तरी उद्या, उद्या विचारलं तरी उद्या, आणि तोंड असं निरागस की भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. मात्र एकदा त्याच्या हातून पुस्तक सुटलं की ते पुन्हा सुटं व्हायचं नाही, हेही खरं.

त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की माझा मुलगा त्याच तुरुंगात आहे. बाईंना ते ठाऊक होतंच. गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण त्यानं तोंडानं सांगितलं म्हणून त्यांनी त्याला बसायला स्टूल दिलं.

घडलं होतं ते असं. मुलगा बापाच्याच हाताखाली तयार झालेला, हाताला बापापेक्षा चपळ. एका संध्याकाळी तो मित्राचा टेम्पो घेऊन निघाला आणि वळणावर एका सायकलवाल्याला उडवून गेला. सायकलवाला कुठल्याशा कारखान्याचा वॉचमन, कामावर निघालेला. थांबून उचललं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. पण मुलगा थांबला नाही. तो थेट घरी आला आणि बापाच्या बांधणीच्या कारखान्यामागच्या अंगणात बादल्यांवर बादल्या ओतून त्यानं टेम्पो धुतला. बाप आत पुस्तकं दाबायचा शिकंजा आवळत होता. त्यानं खिडकीतून सगळं पाहिलं, पण विचारलं काहीच नाही.

कोर्टात वकिलानं बापाला घोटून घोटून सांगितलं होतं, तुम्ही आत होता, तुम्हाला काही दिसलं नाही, एवढंच म्हणायचं. बाप मान डोलावून पिंजऱ्यात उभा राहिला. समोरच्या वकिलानं विचारलं, टेम्पो कुणी धुतला? तर तो म्हणाला, मुलानं. बस्स. जन्मभर गिऱ्हाइकांना दिवसाढवळ्या थापा मारणारा माणूस, आणि एकुलत्या एक मुलासाठी त्याला एक थाप मारता आली नाही. तो सत्याचा पुतळा होता असं कुणी म्हणू नये. तसं काही नव्हतं. लेकीनं पुढं कितीदा तरी विचारलं, बाबा, का? त्यावर तो एवढंच म्हणायचा, "विचारलं, म्हणून सांगितलं." त्याचं त्यालाही याहून जास्त माहीत नसावं.

शिक्षा झाली. पहिल्या भेटीला बाप आणि लेक दोघं गेले. जाळीपलीकडे मुलगा आला, बापाला पाहिलं आणि आल्या पावली मागं फिरला. पुढच्या खेपेला लेक एकटी गेली तेव्हा भावानं तिला बजावलं की ते पुन्हा आले, किंवा तू त्यांचं नाव जरी काढलंस, तर मी तुलाही भेटणार नाही. बापाची पत्रं न फोडता परत यायची. बापानं कानाला खडा लावला. आपल्या हट्टापायी बहीणभावाची भेटही तुटली तर काय, या भीतीनं त्यानं त्या रस्त्याला जाणंच सोडलं. कारखाना विकला. लेकीकडे राहू लागला. ती भेटून आली की तिच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि ती बूट काढेपर्यंतही त्याला धीर निघायचा नाही.

तिच्याच बोलण्यात एकदा आलं की भावाला तिथल्या वाचनालयात काम मिळालंय. तिथले मास्तर कैद्यांचे वर्ग घेतात, वाचनालयही तेच बघतात. याला बांधणीचं काम येतं म्हणून फाटकी पुस्तकं चिकटवायला ठेवलंय. आधी धुलाईखात्यात होता, हात सोलवटून निघाले होते. आता तो ताठ बसतो, दोन शब्द जास्त बोलतो. बापानं हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंच्या खोलीत येऊन उभा राहिला.

बाईंनी त्याला आधीच स्पष्ट केलं. इथून गेलेलं पुस्तक कुणा एकाला पाठवता येत नाही. ते कुणाच्या हातात पडलं ते आपल्याला कळत नाही, विचारायचंही नाही. आणि खूण, चिठ्ठी, निरोप असलं काही केलंत तर तुमच्या मुलासाठी म्हणून दयामाया दाखवणार नाही. बाइंडर म्हणाला, मला काही लिहायचं नाही. फक्त तुम्ही पुठ्ठ्याची पुस्तकं रद्दीत घालता ती मला द्या.

कारण खोलीत येणारी चांगली पुस्तकं बहुतेक पुठ्ठ्याचीच असत. जाडजूड कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, इतिहास. त्यांचे पुठ्ठे काढले की आतली जुनी शिवण उसवायची, पानं सुटायची, आणि बाई हात टेकून ती रद्दीला काढायच्या. बाइंडर ती उचलून खिडकीजवळच्या टेबलावर न्यायचा. आधी बोथट सुरीनं पुठ्ठा सोडवायचा. आयुष्यभर पुठ्ठे चढवलेल्या हातांना ते उतरवताना पहिले काही दिवस कसंसंच व्हायचं. मग फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, पाठ खरवडून साफ करायची, टोच्यानं भोकं पाडायची आणि बारीक सुती दोऱ्यानं एकेक फर्मा दुसऱ्याला शिवत जायचं. जुजबंदी म्हणतात या शिलाईला. वरून साध्या जाड कागदाचं वेष्टण. ना पुठ्ठा, ना पिन. मास्तरांनी पहिलं पुस्तक वाकवून, ओढून, उलटं धरून पाहिलं आणि हरकत घेतली नाही. बाईंनीही एकदा पुस्तक एकाच पानाला धरून लोंबतं ठेवलं होतं. पान निघालं नाही. तेव्हापासून त्या त्याला चहा विचारू लागल्या.

आता यात एक गोष्ट होती, ती बाईंना माहीत होती की नव्हती कोण जाणे. बाइंडर डावखुरा. बाकी सगळे बाइंडर शिलाई ज्या बाजूनं सुरू करतात, त्याच्या उलट बाजूनं त्याची सुरू व्हायची आणि टाके उलटे तिरपे पडायचे. तासभर पुस्तक हाताळलं तरी साध्या माणसाच्या लक्षात येणार नाही. पण जो त्या टेबलापाशी लहानाचा मोठा झाला, ज्याला वयाच्या मानानं फार लवकर सुई हातात मिळाली, त्याला पुस्तक मधोमध उघडताक्षणी कळेल. ही काही खूण नव्हे, असं बाइंडरनं स्वतःला समजावलं. हात आहे माझा, तो काय बदलू? स्वतःची समजूत काढण्यात आपण सगळेच तरबेज असतो. खरं म्हणजे ती खूणच होती. त्याच्याकडे मुलाला द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं.

खोकी जात राहिली. काही महिन्यांनी तिकडून फाटक्या पुस्तकांचं एक खोकं परत आलं, दुरुस्त होतील तर बघा म्हणून. बाइंडरनं वरचंच पुस्तक उचललं तर ते त्यानंच बांधलेलं. वेष्टण तेच, पण आत दोरा नाही. फर्मे एकमेकांना नुसते खळीनं डकवलेले, ते सुटायला आलेले. त्याला आधी वाटलं उंदीर. मग त्यानं पुस्तक उजेडाकडे धरलं. भोकं शाबूत होती. एकही फाटलेलं नव्हतं. कुणीतरी टाका न् टाका सावकाश, कागद न दुखावता काढला होता. असं उसवायला ज्याला शिवता येतं तोच लागतो. त्यानं दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळीकडे तेच.

पहिल्यांदा त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. पोचलं, असं वाटलं. पोरानं ओळखलं. तो तिथंच स्टुलावर बसला आणि रिकाम्या भोकांवरून बोट फिरवत राहिला. बाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाला, काही नाही, दोरा कच्चा लागला बहुतेक. दुःख नंतर आलं, घरी जाताना, आणि आलं ते मुक्कामालाच आलं. आपल्या हातचा एक टाकासुद्धा मुलाला नको होता.

पण त्यानं शिवणं सोडलं नाही. त्याचा हिशोब वेड्यासारखा होता, पण त्याच्यापुरता चोख होता. एक पुस्तक उसवायचं तर मुलाला ते मांडीवर घ्यावं लागणार. दुपारभर तरी आपल्या टाक्यांशी बसावं लागणार. रागानं का होईना, तेवढा वेळ तो आपल्याजवळ. हा इकडे शिवायचा, तो तिकडे उसवायचा. कित्येक बापलेकांत एवढंही बोलणं चालू नसतं.

मग एकदा लेक भेटून आली आणि म्हणाली की त्याची नखं पार गेलीत. बोटांची टोकं फुटलीत, रक्त येतं. विचारलं तर म्हणाला, काम असतं. बाइंडरचा घास हातातच राहिला. तिथं सुरी नसते, कात्री नसते, सुईसुद्धा नसते. नुसत्या नखांनी आणि दातांनी मुलगा बापाच्या त्या घट्ट गाठी सोडवत होता. आपल्या पक्क्या कामाचा बाइंडरला जन्मभर अभिमान. त्या दिवसापासून तो शेवटची गाठ सैल मारू लागला. दोऱ्याचं टोक जरा लांब सोडायचा, म्हणजे चिमटीत धरून ओढलं की सरसर निघून यावं. शिकाऊ पोरानं अशी गाठ मारली असती तर त्यानं पाठीत धपाटा घातला असता. पुढच्या भेटीहून लेक आली तेव्हा त्यानं उगाच विचारल्यासारखं विचारलं, बोटं कशी आहेत? ती म्हणाली, बरी आहेत. त्या रात्री तो जेवला.

हे असंच चाललं असतं, आणि त्याची काही तक्रार नव्हती. पण एका सकाळी मास्तर स्वतः खोलीत आले. मास्तर म्हणजे हडकुळा, घाईतला, सरळ माणूस. तुरुंगात इतकी वर्षं काढूनही कुणाला फसवायचं नाही आणि कुणाकडून फसायचं नाही, असा त्यांचा बाणा. बाइंडर कोण, कुणाचा कोण, त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी बरोबर आणलेली पुस्तकं टेबलावर मांडली. सगळी उसवलेली.

ते म्हणाले की वाचणाऱ्यांच्या हातात पानं सुटतायत, तक्रारी येतायत, आणि कुणी केलं ते मी पकडलंय. वाचनालयात जो मुलगा ठेवलाय तोच खोकं आलं की यातली पुस्तकं बाजूला काढतो आणि दोरे ओढून खळ लावतो. मी झापला त्याला. तर म्हणतो कसा, ही शिलाई उलटी आहे, हिच्यानं पानं फाटतात, म्हणून काढतो. मास्तरांना त्याचा एक शब्दही पटला नव्हता. त्यांना वाटत होतं ही निव्वळ खोडी आहे, दान आलेल्या पुस्तकांची नासधूस आहे. आणि तसं असेल तर त्याला परत धुलाईखात्यात पाठवायचं. पण न विचारता शिक्षा करायची नाही, ही त्यांची पद्धत. म्हणून ते आले होते.

"तुम्ही कसबी माणूस आहात," मास्तर बाइंडरला म्हणाले. "तुम्हीच सांगा. शिलाई चुकलीय, का तो खोटं बोलतोय? जे खरं असेल ते सांगा."

नळ गळत होता. मोठ्या बाई पान उलटायच्या थांबल्या. बाइंडरनं टेबलावरचं एक पुस्तक उचललं, मधोमध उघडलं आणि रिकाम्या भोकांकडे बघितलं. पुन्हा कुणीतरी त्याला मुलाबद्दल विचारत होतं, पुन्हा खरं सांगा म्हणत होतं, आणि पुन्हा मुलाचं जे काही बरं व्हायचं ते त्याच्या जिभेवर होतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी डावखुरा. शिलाई उलटी पडते, दोरा कागद कापतो. तो खरं बोलतोय. त्यानं काढले नसते तर पानं गेली असती."

मास्तरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत कुणी खोट नाही काढली का हो तुमच्या कामात, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नावं ठेवायचे लोक, मी लक्ष द्यायचो नाही. हेही खोटं. मास्तरांनी मग बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुसतच राहिल्या. मास्तर म्हणाले, बरं झालं विचारलं, उगाच एका मुलाचं नुकसान झालं असतं. तो कामाला चांगला आहे. मग त्यांनी जाता जाता अगदी सहज सांगितलं की असं असेल तर यापुढे शिवू नका, नुसतं खळीनं चिकटवून पाठवा. टिकेल तेवढं टिकेल.

बाइंडर बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? शिलाईच वाईट म्हटल्यावर ती चालू ठेवतो असं कसं म्हणणार.

मास्तर गेले. बाईंनी चहा सांगितला. बाइंडर खिडकीपाशी उभा होता. थाप इतकी सहज निघाली होती, उद्या देतो म्हणावं तितकी सहज. हेच त्याला खात होतं. हे असं येत होतं आपल्याला, तर त्या दिवशी का नाही आलं? ज्याला मुलापायी खोटं बोलता आलं नाही, त्यानं आज त्याच मुलापायी आपल्या हातचं काम, उभ्या जन्माची एकच चांगली गोष्ट, चारचौघांत वाईट म्हणून टाकली होती. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की आता मुलाकडे जायला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो खळ लावू लागला. फर्मे ठोकून सारखे करायचे, शिकंज्यात धरायचे, पाठीवरून ब्रश फिरवायचा, कागदाची पट्टी डकवायची. ब्रश कुणीही फिरवला तरी सारखाच दिसतो. डावा हात काय आणि उजवा काय. काम पटापट व्हायचं, खोकी भराभर भरायची, आणि बाई, ज्यांना एरवी काम उरकलेलं बघायला फार आवडायचं, त्यांना हे काही बघवायचं नाही. एकदा त्या म्हणाल्या, एखादं शिवा हो, मी नाही बघत. ज्या बाईंनी पेन्सिलीच्या रेघेला कधी माफी दिली नव्हती, त्या असं म्हणाल्या. त्यानं मान हलवली. एका पुस्तकापायी मास्तरांना शंका आली तर मुलगा पुन्हा सोड्याच्या पाण्यात हात घालून उभा राहील. नकोच ते.

लेकीला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. उलटी शिलाई नाही, उसवणं नाही, मास्तर नाही. ती भावासमोर बापाचं नाव न काढायला बांधलेली, तिच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला? ती आपली दर महिन्याला जायची, यायची, आणि त्याची तब्येत, त्याचं बोलणं सांगायची.

असे काही महिने गेले. मग एके दिवशी ती आली ती दारातच उभी राहिली. बूट काढले नाहीत. चेहरा असा की बाइंडर पटकन उठला. काय झालं, तो आजारी आहे का, असं त्यानं दोनदा विचारलं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "त्यानं तुमचं विचारलं."

तो खाली बसला. ती सांगू लागली. सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला, जाळीला बोटं लावून बसला. मग खालच्या मानेनं म्हणाला, बाबा बरे आहेत का? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. नुसता फिकट पडला होता, बाबा, माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता, जसं काही मी नाहीच म्हणणार आहे.

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, ठणठणीत आहेत. रोज त्या खोलीवर जातात, पुस्तकं बांधतात. एक दिवस चुकवत नाहीत." ती हसली, डोळे पुसत हसली. "मला वाटलं त्याला बरं वाटेल."

"मग काय म्हणाला?"

"असं, म्हणाला. रोज जातात का, असं पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. मग काही नाही. वेळ संपायच्या आधीच उठून गेला."

बाइंडरला एका क्षणात सगळं समजलं आणि लेकीला काहीच समजलं नव्हतं. खोक्यामागून खोकी येत होती आणि त्यात बापाचा टाका नव्हता. त्या पोरानं त्याचा एकच अर्थ लावला होता. बाइंडरच्या मुलानं दुसरा कुठला लावावा? म्हातारा गेला. किती दिवस तो ते मनात घेऊन बसला असेल, विचारायचा धीर करत असेल. आणि आता त्याला कळलं होतं की म्हातारा धडधाकट आहे, रोज कामावर जातो, फक्त त्याच्यासाठी शिवत नाही. आपण उसवत राहिलो आणि शेवटी बापही कंटाळला, असंच त्याला वाटणार. त्या गाठी आपोआप सैल कशा होत गेल्या, हे तरी त्याच्या ध्यानात आलं असेल का? आलं असेल तर आणखीच वाईट, इतकं जपणाऱ्या बापालाही आपण कंटाळवलं असं त्याला वाटेल.

लेक म्हणत होती, बाबा, तुम्ही रडताय का, चांगली गोष्ट आहे की. तेव्हा मात्र त्यानं तिला बसवून सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. मग ती ताडकन म्हणाली की पुढच्या खेपेला मी त्याला सांगते, सगळं सांगते.

"नाही सांगायचं," तो म्हणाला. "जाळीपाशी शिपाई उभा असतो. शिलाई चांगली होती हे मास्तरांच्या कानावर गेलं, तर पोरगं खोटं ठरेल. काम जाईल त्याचं."

"मग त्यानं असंच समजत राहायचं? सुटून येईपर्यंत?"

शिक्षेची वर्षं अजून बरीच होती आणि बाइंडरचं वय लपण्यासारखं नव्हतं. लेक मांडीवर हात ठेवून बसून राहिली. थोड्या वेळानं उठून तिनं बूट काढले, दिवा लावला, पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं ते घेतलं नाही. त्यानं तिचं मनगट धरलं.

"ताई," तो म्हणाला, "कसं विचारलं ते पुन्हा सांग."

"सांगितलं ना, बाबा."

"पुन्हा सांग. त्यानं विचारलं तसं."

ती त्याच्यासमोर बसली. मान खाली घातली आणि भावाच्या आवाजात, हळू, म्हणाली, "बाबा बरे आहेत का?"

बाइंडरनं डोळे मिटले आणि मान हलवली. मग म्हणाला, आणखी एकदा.